दाजी, वारं बघा

गाईडनं पाठवलेली यादी दोन पानी होती आणि तिच्यात रायफलीचा नंबर तिसरा. सगळ्यात वर पाणी, माणशी दिवसाला चार लिटर. मग कानांचं संरक्षण. रायफल, काडतुसं, स्कोप त्याच्या खाली, आणि अगदी शेवटी ठळक अक्षरांत ‘पिसवांचं औषध, विसरू नये’. साउथ डकोटात मिसुरी नदीच्या पश्चिमेला प्रेअरी डॉग मारायला जायचं म्हणजे लांब पल्ल्याच्या नेमाची हौस फेडायची, एवढीच माझी कल्पना होती. हौसेमागं केवढी हमाली असते ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून हळूहळू कळत गेलं.

हा प्राणी नावात डॉग असला तरी खारीच्या कुळातला. वजन किलोभर, मागच्या पायांवर उभा राहिला की जेमतेम फूटभर. कुरणात बिळांच्या वसाहती करून राहतो. त्या वसाहतीला इथं टाऊनच म्हणतात. पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीनं १८०४ च्या सप्टेंबरात बिळात पाणी ओतून ओतून एक बाहेर काढला आणि पुढच्या वर्षी एक जिवंत नमुना थेट राष्ट्राध्यक्ष जेफरसनकडे धाडला. गुरं पाळणाऱ्या रँचवाल्यांच्या लेखी मात्र तो गवतातला फुकटा वाटेकरी. त्यामुळे खासगी जमिनीवर त्याची शिकार वर्षभर चालते. परवाना लागतोच, आणि आदिवासी जमातींच्या राखीव हद्दीत जायचं तर तिथल्या जमातीचा परवाना वेगळा.

माझ्याबरोबर दोघं जण येणार होते. एक आमचा मिनेसोटातला शेजारी. आयुष्यभर लेथवर काम करून निवृत्त झालेला, गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं स्वतः भरणारा. दुसरा माझा मेहुणा, राधानगरी तालुक्यातला शेतकरी, बहिणीकडे उन्हाळ्यासाठी आलेला. कॉलेजात एनसीसीला असताना .२२ चालवलेली. त्यात स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ मिळवलं, आणि तो पडला राधानगरी तालुक्यातलाच. तेव्हापासून मेहुण्याच्या बोलण्यात रायफल आली नाही असा दिवस जात नाही.

पण तो टुरिस्ट व्हिसावर. अशा माणसाला अमेरिकेत बंदूक किंवा काडतूससुद्धा जवळ बाळगायला कायद्यानं मनाई आहे. अपवादांपैकी एक म्हणजे इथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. म्हणून सगळ्यात आधी त्याचा साउथ डकोटाचा परवाना काढला, कागदावर छापून घेतला आणि तो हातात येईपर्यंत त्याला रायफलीच्या पेटीलाही हात लावू दिला नाही. बायकोनं विचारलं, “एवढं कशाला?” म्हटलं, तुझा भाऊ आहे म्हणून.

मग रेंज. आमच्या गन क्लबात १००, २०० आणि ३०० यार्डांचे पल्ले आहेत. माझ्याकडं .२२३ कॅलिबरची रायफल होती, शेजाऱ्याकडं .२२-२५०, आणि जवळच्या कामासाठी त्याचीच एक .१७ एचएमआर. .२२-२५० मधून ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ३,६०० फुटांच्या पुढं जाते, त्यामुळे माणसाला वाटतं की वाऱ्याला तिला गाठायला सवडच मिळणार नाही. शेजाऱ्यानं मला वही घेऊन बसवलं. माझ्या .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी, ताशी १० मैलांचा आडवा वारा: ३०० यार्डांवर गोळी नऊ-दहा इंच वाहवत जाते, ४०० वर दीड फूट. म्हणजे ३०० यार्डांवर वाऱ्याच्या प्रत्येक मैलामागं इंचभर. प्रेअरी डॉग रुंदीला चार इंचही भरत नाही. मध्यावर नेम धरला आणि वाऱ्याचा अंदाज दोन मैलांनी चुकला, की गोळी त्याच्या बगलेतून मातीत. गोळी पल्ल्यावर खाली किती पडते, हे तक्ता सांगतो आणि तक्ता खोटं बोलत नाही. वाऱ्यानं किती वाहते, हे सांगणारं कुणी नाही. दाजी म्हणून मेहुण्यापुढं मिरवायची माझी जागा तिथंच संपली, कारण वारा त्याला माझ्याहून चांगला कळतो हे पहिल्याच रविवारी दिसलं. पिकावर औषध मारणारा माणूस आहे तो.

काडतुसं भरण्याचं काम शेजाऱ्याच्या गॅरेजात चाललं. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, मापात आणायच्या, लांबी कापायची, दारू पेटवणारा नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलायची, गोळी दाबायची. गाईडनं दिवसाला ३०० गोळ्या धराव्यात असं लिहिलं होतं. मला तो आकडा फुगवलेला वाटला. शेजारी म्हणाला, वारा असेल तर कमीच पडतील. दोन प्रकारच्या गोळ्या भरल्या. एका कुरणाच्या मालकाची अट होती की शिसं चालणार नाही, कारण मेलेले प्राणी गरुड आणि ससाणे खातात आणि गोळीच्या चुऱ्यातलं शिसं त्यांच्या पोटात जातं. तिथल्यासाठी तांबं आणि कथील यांच्या भुकटीचा गाभा असलेली ३६ ग्रेनची गोळी घेतली. गोळी हलकी, म्हणजे वाऱ्यात आणखी वाहणार, म्हणजे तक्ता पुन्हा पहिल्यापासून. कुणी कुरकुर केली नाही. अट रास्त होती.

कपड्यांवर परमेथ्रिन फवारून ते अंगणात वाळत घातले. पँटचे पाय, मोजे, टोपी, सगळं. मेहुण्यानं डब्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, “दाजी, ह्याचाच भाऊ आमी वांग्यावर मारतो.”

बुधवार

पहाटे निघालो. सू फॉल्सपर्यंत दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. साउथ डकोटात इंटरस्टेटवर ताशी ८० मैलांची मर्यादा आहे, तरी रस्ता सरत नाही. चेंबरलेनला मिसुरी ओलांडली. काठावरच्या टेकडीवर ‘डिग्निटी’ उभी आहे: पाठीवर रजई पसरून धरलेली पन्नास फुटी आदिवासी स्त्री, स्टेनलेस स्टीलची, २०१६ साली उभारलेली. रजईचे निळे तुकडे उन्हात लखलखतात. फोटो झाले.

नदी ओलांडली की मुलूख बदलतो. इथले लोक राज्याचे दोनच भाग मानतात, ईस्ट रिव्हर आणि वेस्ट रिव्हर. पूर्वेला नांगर, पश्चिमेला गुरं. मका संपला, कुंपणाच्या तारा आणि गवत सुरू झालं. मेहुणा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “एवढ्या रानाला राखण कोन करतं?”

मर्डोजवळच्या मोटेलात उतरलो. संध्याकाळी गाईड येऊन भेटला आणि पार्किंगमध्येच सामानाची तपासणी केली. रायफली पेटीत, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) वेगळे. काडतुसांचे डबे त्यानं गाडीतल्या उन्हातून काढून थंड पेटीत ठेवायला लावले, बर्फाशिवाय. दारू तापली की गोळीचा वेग बदलतो, आणि सकाळचा तक्ता दुपारी लागू पडत नाही. मेहुण्याचा परवाना त्यानं स्वतः मागून पाहिला. मला तो माणूस तिथंच आवडला.

गुरुवार

पाच वाजता कॉफी, सहाला कुरणात. वाटेत तारेची तीन फाटकं लागली. गाईडचा नियम: फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवायचं, बंद असेल तर बंद, आपलं डोकं चालवायचं नाही. मेहुण्याला हा नियम सांगावा लागला नाही.

बाकीच्या नियमांना अर्धा तास गेला. सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. कुणीही पुढं गेलं की सगळ्यांचे बोल्ट उघडे. क्षितिजावर उभ्या असलेल्या प्राण्यावर गोळी नाही, मागं माती दिसलीच पाहिजे. बिळात हात घालायचा नाही, कारण आत रॅटलस्नेक असतो. मातीच्या उंचवट्यावर बसायचं नाही आणि मेलेल्याला हात लावायचा नाही, कारण पिसवा.

पिसवांचं कारण प्लेग. हे मला आधी वाचून माहीत होतं, तरी त्या गवतात उभं राहून ऐकताना अंगावर काटा आला. १८९६ ला मुंबईत आणि १८९७ ला पुण्यात जो प्लेग आला, ज्याच्या बंदोबस्तातल्या जुलमापायी चापेकरांनी रँडला गोळी घातली, त्याच जागतिक साथीचा जंतू जहाजांतून १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. तिथल्या उंदरांतून तो रानातल्या खारींत गेला आणि सरकत सरकत या गवतापर्यंत आला. इथून पश्चिमेला कोनाटा बेसिनमध्ये २००८ साली त्यानं प्रेअरी डॉगच्या वसाहतीच्या वसाहती ओस पाडल्या. मेहुण्याला सांगितलं तेव्हा त्याला त्याच्या पणजीची गोष्ट आठवली: साथीत सगळं गाव मोकळं करून लोक रानात खोपटी घालून राहिले होते. गाईडनं विचारलं, काय म्हणतोय? भाषांतर करून सांगितलं. तो क्षणभर मेहुण्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं स्वतःच्या मोज्यांवर पुन्हा औषध मारलं.

त्यानंतरही प्राण्यांवर लगेच गोळी नाही. २००, ३०० आणि ४०० यार्डांवर त्यानं लोखंडी पट्ट्या लावून ठेवल्या होत्या. ज्या पल्ल्यावरची पट्टी लागोपाठ वाजेल तेवढाच तुझा पल्ला, बाकीचं मनातून काढ. जखमी होऊन बिळात शिरलेला प्राणी कुणाच्याच कामाचा नाही, असं त्याचं म्हणणं. माझी पट्टी ३०० पर्यंत वाजली. ४०० ला वाजली, न वाजली. शेजाऱ्याची .२२-२५० तिथंही ठणठणत होती. काही लोक इथं येऊन ७००-८०० यार्डांच्या गप्पा मारतात. लागलेली एक गोळी सांगतात, न लागलेल्या सांगत नाहीत.

मेहुण्याला स्पॉटिंग स्कोपमागं, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीमागं, बसवलं, कारण वारा वाचायला तोच लागत होता. पहिली गोष्ट त्यानं दाखवली ती लक्ष्य नव्हतीच. “दाजी, त्यो घुबड हाय का हो?” बिळाच्या तोंडाशी लांब पायांवर उभं, वीतभर उंचीचं, गुडघे वाकवून खालीवर होणारं. बिळात राहणारं हे घुबड प्रेअरी डॉगच्याच जुन्या बिळांत घर करतं आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. गाईडनं ती बाजूच दिवसभरासाठी बंद केली. वहीत कुंपणाच्या दोन खांबांची खूण लिहिली आणि त्यांच्यामध्ये कुणी स्कोपही फिरवायचा नाही असं सांगितलं.

दहा वाजेपर्यंत ऊन चढलं आणि प्राणी बिळात गेले. आम्ही गाडीच्या सावलीत. संध्याकाळी पुन्हा दोन तास.

शुक्रवार

रात्री पाऊस झाला. फार नाही, पण इथल्या चिकणमातीला तेवढा पुरतो. तिला हे लोक गंबो म्हणतात. ओली झाली की बुटाला चिकटते, चाकाला चिकटते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरते आणि गाडी उभी राहते. मेहुण्यानं एक ढेकूळ हातात घेऊन चिरडलं, बोटांत घोळवलं, वास घेतला. “आपल्या काळ्या रानाची बहीण.” वाळल्यावर हिला भेगाही तशाच पडतात.

सकाळ गेलीच होती, म्हणून रँचच्या मालकांनी आम्हाला त्यांच्या अवजारांच्या शेडमध्ये कॉफीला बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ, बोलायला मोजके. मेहुण्याचे त्यांना प्रश्न आणि माझं भाषांतर असं दीड तास चाललं, आणि या प्रवासातला हाच वेळ मला सगळ्यात जास्त आठवतो. एकराला किती गुरं? एकराला गुरं नव्हे, एका गाय-वासराला कितीतरी एकर. पाऊस किती? वर्षाचा १७-१८ इंच. हे सेंटिमीटरमध्ये सांगितल्यावर मेहुणा हसला. त्याच्याकडं तेवढा जुलैच्या एका आठवड्यात पडतो. मग त्यानं गव्यांचं सांगितलं. राधानगरीच्या अभयारण्यातून कळप उतरतात, रात्रीत ऊस आडवा करतात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं हात लावायची सोय नाही. पंचनामा, अर्ज, भरपाईची वाट. मालकांनी विचारलं, गवा केवढा असतो? मेहुण्यानं शेडच्या दारात उभं राहून हात वर केला आणि खांद्याची उंची दाखवली. मालक म्हणाले, मग माझी तक्रार लहान आहे.

तक्रार लहान आहे की मोठी, यावर इथंही एकमत नाही. दुष्काळी वर्षात प्रेअरी डॉगनं कुरतडलेलं कुरण गुरांना पुरत नाही, हे मालकांचं म्हणणं. दुसरीकडं, या प्राण्याशिवाय इथली बरीच सृष्टी उभी राहत नाही. काळ्या पायांचा फेरेट, मुंगसासारखा लांबट प्राणी, तर जवळजवळ यालाच खाऊन आणि याच्याच बिळात जगतो. तो १९७९ ला संपला असं समजलं गेलं. मग १९८१ साली वायोमिंगमध्ये मीटीत्सीजवळ एका रँचवरच्या कुत्र्यानं मेलेला फेरेट दारात आणून टाकला आणि तिथून उरलेल्यांचा शोध लागला. आज कोनाटा बेसिनसारख्या ठिकाणी त्यांना पुन्हा सोडलंय, आणि प्लेग टाळायला बिळाबिळांत पिसूनाशक भुकटी टाकतात. एकाच राज्यात एका तारेच्या अलीकडं प्रेअरी डॉग मारायचा आणि पलीकडं त्याला औषध घालून जगवायचा. मालकांना यात विसंगती दिसत नव्हती: ते सरकारचं गवत, हे माझं. मला दिसते, पण मी त्यांच्या शेडमध्ये त्यांची कॉफी पीत होतो, आणि खिशात परवाना होता.

दुपारी माती सुकली. शिसं नको असलेल्या कुरणात गेलो. ३६ ग्रेनची हलकी गोळी घेऊन मी २०० च्या पुढं गेलो नाही.

शनिवार

खरा दिवस हाच. वारा पहाटेपासून, नैर्ऋत्येकडून, आणि एकसारखा नाही. हातातलं वारामापक १२ दाखवतंय, तर दरीपलीकडं गवत निपचित. असं असेल तर कुठला आकडा धरायचा? मेहुणा मापकाकडं बघतच नव्हता. स्कोपची फोकस त्यानं लक्ष्याच्या थोडी अलीकडं आणली, की जमिनीवरची मृगजळाची लाट दिसते. लाट आडवी पळते आहे तोवर थांबायचं. ती ढिली पडली की मारायचं. “दाजी, वारं बघा… थांबा… अजून जरा… हां.” मग चाप. गोळी पोहोचते न पोहोचते तोच तो सांगायचा, डाव्या अंगाला गेली.

मधे त्यानं मला स्कोपमधून बघायला लावलं. एक प्रेअरी डॉग उंचवट्यावर चढला, मागच्या पायांवर ताठ झाला, पुढचे दोन्ही पाय वर फेकले, मान मागं टाकली आणि ओरडला, इतक्या जोरात की तोल जाऊन मागं कोलमडला. शेजारच्यानं तेच केलं, मग त्याच्या पलीकडच्यानं. अख्ख्या वसाहतीतून ती उडी पसरत गेली. पाहिल्यावर मी बराच वेळ रायफलीला हात लावला नाही. मग लावला. किती मारले ते मोजायचं, बेंचवर लावायचं बटण शेजाऱ्यानं आणलं होतं. माझ्यापुरतं ते बंद ठेवलं.

दहा-बारा गोळ्या झाल्या की रायफल बाजूला, बोल्ट उघडा, दुसरी पुढं. गाईड नळीला हात लावून बघायचा. हात पाच सेकंद ठेवता आला नाही तर सुट्टी. तापलेल्या नळीतला नेम आधी पसरतो आणि मग नळीच झिजते, .२२-२५० ची तर लवकर. दुपारच्या सुट्टीत साफसफाई. मागच्या बाजूनं साफसफाईची सळई घालून द्रावणात भिजवलेली चिंधी पुढं ढकलायची. पहिली काळी येते, जळलेल्या दारूची. दुसरी करडी. मग दहा मिनिटं थांबून घातलेली चिंधी निघते ती निळी, मोरपंखाकडं झुकणारी: गोळीच्या आवरणाचं तांबं नळीत बसलेलं असतं आणि द्रावणातल्या अमोनियात ते विरघळतं. चिंधी पांढरी येईपर्यंत घालत राहायचं. शेजारी हे पूजेच्या शिस्तीनं करतो आणि मधे कुणाशी बोलत नाही.

संध्याकाळी मेहुण्यानं माझ्या रायफलीवर, माझ्याच तक्त्यावर, ३०० यार्डांच्या जरा पुढं लागोपाठ गोळ्या लावल्या. वारा सांगायला तेव्हा मी होतो, म्हणजे श्रेय पुरतं त्याचंच.

कुरणावर घिरट्या घालणारे ससाणे आम्ही उठायच्या आत खाली उतरले होते.

रविवार

कपडे मोटेलातच वेगळ्या पिशव्यांत बांधले. ते घरात आणायचे नाहीत, थेट कडक ड्रायरमध्ये, असा फोनवर हुकूम होता. पुंगळ्या मोजून शेजाऱ्याच्या डब्यात परत गेल्या, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भरायला. गाईडचा हिशेब, रँचचं भाडं, टिप.

परतताना मिचेलला थांबलो. तिथल्या कॉर्न पॅलेसच्या भिंतींवरची चित्रं खऱ्या कणसांची असतात, वेगवेगळ्या रंगांचा मका खास पिकवून खिळ्यांनी ठोकलेला. पहिली इमारत १८९२ ची, आताची १९२१ ची. मेहुणा भिंतीला नाक लावून दाणे बघत होता. आतल्या बाईंना त्यानं विचारायला लावलं, पाखरं खात नाहीत का? खातात की, खारीसुद्धा. मग त्याला मक्याचा भाव हवा होता. बुशेल म्हणजे ५६ पौंड, म्हणजे साडेपंचवीस किलो, म्हणजे क्विंटलला चार बुशेल धरा. हा हिशेब मिनेसोटाची हद्द लागेपर्यंत चालला. मधे राधानगरीहून त्याच्या भावाचा फोन आला, रोपलागणीला माणसं मिळत नाहीत म्हणून, तेव्हा तो मजुरीच्या दराकडं वळला.